गुरुवारचा वास

"नाक घरी ठेवून आलायस का, इनिम?"

धाकट्या भावाला मारायची ही हाक ऐकून सागिनने दचकून ब्रेकवरचा पाय उचलला. जेनाली आके, सगळ्या ड्रायव्हरांचे थोरले दादा, बाजूच्या सीटवर डोळे मिटून बसले होते आणि म्हाताऱ्याला डुलकी लागली असावी असाच त्याचा समज होता. अलाबेल घाटाचा उतार सुरू होऊन बराच वेळ झाला होता. सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला ट्रेलर मागून ढकलत होता, जसं लग्नात नाचायला न येणाऱ्याला मागची माणसं पुढे ढकलतात.

"काय झालं, आके?"

"काय झालं ते तू सांगायचं. वास घे."

सागिनने श्वास ओढला. डिझेल, ओली चटई, म्हाताऱ्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट. "काही येत नाही."

"येत नाही कसा? तू घेत नाहीस. घे गाडी बाजूला. इंजिन बंद करू नकोस."

सागिन खाली उतरला. आकेंनी सांगितल्याप्रमाणे त्याने चाकाच्या ब्रेक-ड्रमजवळ तळहात नेला, न टेकवता. तव्यावर धरावा तशी धग लागली, आणि मग तो वास आला. केस करपल्यासारखा, थोडा गोडसर, घशात बसणारा.

"हा वास ओळखलास की अर्धा ड्रायव्हर झालास," आके म्हणाले. "राहिलेला अर्धा गाडी शिकवते. उतारावर गियर काढून गाडी मोकळी सोडायची नाही. ब्रेक हा शेवटचा मित्र, त्याला आधीच थकवायचं नाही. आणि थांबलास तरी इंजिन चालू. ब्रेकच्या हवेचा दाब पडता कामा नये."

"पण डिझेल जळतं ना उगाच."

"जळतं," म्हातारा एवढंच म्हणाला. मग डिझेलच्या टाकीपाशी गेला, झाकण हलवून पाहिलं, कुलूप ओढून पाहिलं आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली.

सागिनच्या मनात पाल चुकचुकली. चाक बघायला मला पाठवलं आणि हा टाकीशी काय करतोय?

*

ही पाल काही आपणहून चुकचुकली नव्हती. ती मालकाने आणून सोडली होती.

सागिन सदतिसाव्या वर्षी नव्याने शिकायला बसला होता. त्याआधीची वर्षं त्याने मॉस्कोत काढली. तिथे हिवाळ्यात बर्फ ढकलायचा, उन्हाळ्यात छोटी गाडी घेऊन घरोघरी सामान पोचवायचं. मागच्या वसंतात तो बिश्केकला परतला तेव्हा त्याची मुलगी मेरिम दारात उभी राहून आत ओरडली, "आई, कोणीतरी काका आलेत." बायको, बुरुल, हसली आणि हसता हसता तोंड फिरवून स्वयंपाकघरात निघून गेली. त्या दिवशी सागिनने ठरवलं की आता देश सोडायचा नाही. बिश्केक ते ओश आणि ओश ते बिश्केक, हव्या तेवढ्या खेपा मारू, पण आठवड्यातून दोनदा घरची भाकरी खाऊ.

ट्रकमालक तेमिरकुल त्याच्या मामाच्या ओळखीतला होता. त्याने सागिनला चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला आणि आवाज बारीक केला.

"जेनालीबरोबर बस. घाट शिकवावा तर त्यानेच. पण एक लक्षात ठेव. त्याची गाडी सगळ्यांपेक्षा जास्त पिते. तेवढाच रस्ता, तेवढाच माल, आणि डिझेल मात्र जास्त. कुठे जातं? मी म्हातारा माणूस म्हणून तोंड उघडत नाही. तू डोळ्यांत तेल घालून बघ. काय ते सापडलं की ती गाडी तुझी."

"आणि नाही सापडलं तर, बायके?" सागिनने मालकाला आदराने हाक मारत विचारलं.

मालकाने कप खाली ठेवला. "तर माझ्याकडे दुसरी गाडी नाही बाबा."

म्हणजे पुन्हा मॉस्को. पुन्हा फावडं, आणि मेरिमचा पुन्हा तो काका.

शंकेचं असं असतं की तिला एकदा घरात घेतलं की ती जेवायला मागते, आणि माणूस जे हाताला लागेल ते तिला वाढत सुटतो. जेनाली आके टाकीला कुलूप लावत, तर सागिन म्हणायचा, चोरच कुलपाची काळजी करतो. आके रस्त्याकडेच्या प्रत्येक कबरस्तानापाशी स्टिअरिंगवरून हात उचलून चेहऱ्यावरून फिरवत, दुवा मागून ओमीन म्हणत, तर सागिन म्हणायचा, एवढी भक्ती कोणाला दाखवायची? आके गाडीत एका वृद्ध गवयाची जुनी कॅसेट लावत. तीन तारांच्या कोमुझवर तो उपदेश गायचा: माणसा, तुझं घोडं उसनं आहे, तुझा श्वास उसना आहे, परत करताना स्वच्छ करून दे. मनाला भिडावा असा आवाज. पण सागिन ऐकायचा तो म्हाताऱ्याचं तोंड बघत. गाणं ऐकतोय की गाण्याआड काही लपवतोय?

आणि मग तो गुरुवार होता.

मागच्या खेपेला, ओशहून परतताना, टू-अशू घाटाच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर खाली दोन वळणं उतरून आकेंनी गाडी बाजूला घेतली होती. "तू इथंच बस. उतरू नकोस," ते म्हणाले, आणि सामानाच्या पेटीतून एक डबा आणि कापडाचं गाठोडं काढून मोठ्या खडकामागे उतरून गेले. इंजिन चालू होतं. बराच वेळ गेला. मग खडकामागून एक घोडेस्वार निघाला. खोगिराला पिशवी लटकत होती. त्याने मागे वळून हात वर केला आणि खाली दरीकडे निघून गेला. त्यानंतर म्हातारा आला. हात तेलकट, कोटाला रॉकेलचा आणि काहीतरी जळल्याचा वास. त्याने ते हात डिझेलच्या फडक्याला पुसले, डबा पेटीत टाकला आणि गाडी काढली.

डबा, गिऱ्हाईक आणि तेलकट हात. आणखी काय पाहिजे होतं?

*

तोक्तोगुलच्या चहाखान्यात ड्रायव्हरांची नेहमीची बैठक होती. आके हात धुवायला बाहेर गेले तसा ओमुर्झाक नावाचा गोल पोटाचा ड्रायव्हर सागिनकडे सरकला.

"काय रे नव्या, शिकवतो का म्हातारा? का नुसतं चाकांचे वास घ्यायला लावतो?"

"वासच जास्त."

सगळे हसले. "आम्हाला पण लावायचा," एकजण म्हणाला. "मी म्हटलं, आके, माझी बायको पण एवढं हुंगत नाही मी घरी गेल्यावर."

"तुम्ही उतारावर गियर काढता?" सागिनने विचारलं.

"अलबत. सूसामीरच्या पठाराकडे उतरताना तर मी नांगराचा बैल सोडावा तशी गाडी सोडून देतो. वाचलेलं डिझेल मालक बक्षीस म्हणून मोजतो, मग का नाही?" ओमुर्झाकने मांसाचा तुकडा तोंडात टाकला. "पण तू जपून. जेनालीकडे शिकलेला..."

तो थांबला, कारण शेजारच्याने त्याला टेबलाखालून लाथ मारली होती.

"शिकलेला काय?"

"काही नाही. चहा घे, गार होतोय."

"माझ्याआधी कोण होता त्याच्याकडे?"

एकाने भाकरीचे कण गोळा करून तोंडात टाकले, दुसऱ्याने रिकामा कप उगाच फिरवला. तेवढ्यात आके आत आले. मेज एकदम गप्प झालेलं त्यांनी बघितलं, सागिनच्या तोंडाकडे बघितलं, आणि बसता बसता म्हणाले, "माझ्याबद्दल विचारायचं असेल तर मला विचार. ही मंडळी पोटाने बोलतात."

पण सागिनने कप तोंडाला लावला. आता त्याला नुसती चोरीची शंका राहिली नव्हती. आधीच्या शिकाऊ माणसाचं याने काय केलं? डोळे उघडे होते म्हणून हाकलला? की आणखी काही?

ओशला माल उतरला, परतीचा कांदा भरला, आणि गुरुवारी सकाळी चिच्कान दरीच्या तोंडाशी डिझेल भरताना सागिन पंपामागे गेला. पाठ फिरवून त्याने मालकाला फोन लावला.

"बायके, आज गुरुवार. तो आज थांबणार. मी बघतो."

"नुसता बघू नकोस, फोटो काढ. मी खाली कारा-बाल्ताच्या थांब्यावर येऊन उभा राहतो. समोरासमोरच होऊन जाऊ दे."

सागिनने फोन खिशात टाकला आणि वळला. जेनाली आके गाडीच्या पायरीवर उभे राहून काच पुसत होते. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. काच मात्र स्वच्छ होऊनही ते पुसतच राहिले.

*

बोगद्यातून बाहेर पडले तेव्हा दुपार कलली होती. वर बर्फ, खाली दरीत धुरासारखं धुकं, आणि रस्ता दोरी फेकावी तसा वेडावाकडा खाली गेलेला. आकेंनी बोगद्यातच गियर खाली आणला होता. इंजिन कुरकुरत होतं. दुसऱ्या वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"तू इथंच बस, इनिम."

"बरं, आके."

म्हातारा पेटीतून डबा आणि गाठोडं काढून खडकामागे दिसेनासा झाला. सागिनने मनात विसापर्यंत मोजलं, मोबाईलचा कॅमेरा सुरू केला आणि दार न वाजवता उतरला. पायाखाली बर्फ कुरकुरत होता. इंजिनच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? खडकाला पाठ लावून तो पुढे सरकला. रॉकेलचा वास आला. मग तो जळका वास. त्याने मोबाईल वर धरला आणि डोकावला.

जमिनीत, रस्त्यात गेलेल्या ड्रायव्हरची खूण म्हणून पुरतात तसं, एका गाडीचं स्टिअरिंग उभं पुरलेलं होतं, अर्धं वर, अर्धं मातीत. त्याच्यापुढे चार दगड लावून वाऱ्याचा आडोसा केलेला. आडोशात डब्यातून निघालेला रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर छोटी कढई, आणि कढईपुढे गुडघे टेकून बसलेले जेनाली आके. ते गाठोड्यातून कणकेची एकेक चपटी लाटी काढून तेलात सोडत होते. एक रोटी कच्चीच काढली, एक करपली. बोटाला चटका बसला तसं त्यांनी बोट तोंडात घातलं. आणि या सगळ्यात ते गात होते, कुराणाची ओळ, मोडक्या, घोगऱ्या आवाजात, कॅसेटमधल्या त्या गवयासारखे स्वर ओढत.

सागिनचा मोबाईलचा हात आपोआप खाली आला.

आमच्या या मुलखात गुरुवारी दिवस मावळायच्या आत प्रत्येक घरात तेल तापतं. गेलेल्या माणसांना पोट नसतं, पण त्यांना वास पोचतो असं आमच्या आया सांगतात. सात रोट्या तळायच्या, वास वर जाऊ द्यायचा, नाव घेऊन दुवा मागायची आणि रोट्या वाटून टाकायच्या. सागिन याच वासात वाढला होता. त्याची आई असाच तेलाचा धूर डोळ्यांत घेऊन त्याच्या आजोबांचं नाव घ्यायची. मॉस्कोच्या तळघरात तो याच वासासाठी कितीदा तळमळला होता. आणि मागच्या गुरुवारी तोच वास म्हाताऱ्याच्या कोटाला असताना त्याच्या नाकाने ओळखला नाही. नाकावर मालक बसला होता ना.

"आलायस तर बस," मागे न बघता आके म्हणाले. "उभा राहिलास की वारा येतो, स्टोव्ह विझतो."

सागिन बसला.

"हे बायकांचं काम," आके रोटी उलटत म्हणाले. "मला जमत नाही. मेदेतची आई, शायिर आपा, घरी करतेच. पण ती म्हणते, तो घरात गेला नाही ना, तो इथं गेला. घरचा वास घाटावर पोचत नाही. कणीक ती मळून देते, तळणं माझ्याकडे."

"मेदेत तुमच्याकडे शिकला?"

"तुझ्याआधी. हाताचा हलका, डोक्याने हुशार. मालकाने त्याला स्वतःची गाडी दिली. डिझेल वाचवलं की शाबासकी मिळायची, सगळ्यांदेखत." त्यांनी कढईखालची ज्योत कमी केली. "मी त्याच्या मागेच होतो. माझ्या काचा बंद होत्या, तरी त्याचे ब्रेक करपल्याचा वास आला. हॉर्न वाजवला, दिवे मारले. त्याला वाटलं असेल, म्हातारा चिडवतोय."

खाली दरीत कुठेतरी घोडं फुरफुरलं.

"मला का नाही सांगितलं, आके?"

"शिकणाऱ्याला सांगायचं नसतं. मग तो वळण बघत नाही, मेलेला माणूस बघतो, आणि हात थरथरतो. तुला रोटी दिली असती तर कोणाच्या नावाची ते सांगावं लागलं असतं." म्हाताऱ्याने पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं. "आणि तूही मला काही सांगत नव्हतास. पंपामागे उभं राहून बोलताना माणसाची पाठसुद्धा बोलते, इनिम."

सागिनचे कान तापले. "मालक म्हणाला, तुमची गाडी जास्त पिते."

"पिते. सगळे सोडून देतात तिथे मी गियरमध्ये उतरतो. सगळे बंद करतात तिथे माझं इंजिन चालू असतं. सांगितलं मी त्याला. तो म्हणाला, बाकीचे कसे उतरतात? यावर मी काय बोलू?"

मागच्या वेळचा तो घोडेस्वार वर आला. मेंढपाळच होता, लाल गालांचा. तो उतरला, स्टिअरिंगपुढे बसला, तळहात उघडले. तिघांनी ओमीन म्हणून हात चेहऱ्यावरून फिरवले. आकेंनी त्याच्या पिशवीत रोट्या घातल्या. दोन फडक्यात गुंडाळून सागिनच्या हातात दिल्या. गरम होत्या. एक करपलेली होती.

"आता तू चालव," आके म्हणाले. "मी झोपतो."

ते झोपले नाहीत. पण खालपर्यंत त्यांना एकदाही टोकावं लागलं नाही. सागिनने गियर काढला नाही, ब्रेकला हवा तेव्हाच, हात लावावा तसा अलगद पाय लावला, आणि पूर्ण उतारभर त्याचं नाक जागं होतं.

*

कारा-बाल्ताच्या थांब्यावर तेमिरकुल कोटाच्या खिशात हात घालून उभा होता. सागिन उतरला तसा तो जवळ आला. "सापडलं का?" आवाज बारीक.

सागिनने फडकं उघडून पुढे धरलं. "घ्या, बायके."

"हे काय?"

"गुरुवारचं आहे. घ्या."

समोर धरलेली गुरुवारची रोटी कोणी नाकारत नाही. मालकाने तुकडा मोडला. "कोणाच्या नावाची?"

"मेदेतच्या."

तुकडा तोंडाशी थांबला. मालकाने वर केबिनकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला. शेवटी त्याने तळहात उघडले, ओठ हलवले, चेहऱ्यावरून हात फिरवले. सागिनला वाटलं, झालं, आता याच्याही नाकाला पोचलं.

मालकाने बोटं रुमालाला पुसली. "बरं," तो म्हणाला, "पण उभ्या गाडीचं इंजिन का चालू ठेवलंय?"

जेनाली आके केबिनमधून उतरत होते. कातड्याचा कोट अंगावर, कॅसेट खिशात. त्यांनी इंजिन बंद केलं होतं. एकदम शांत झालं. किल्ली त्यांनी तेमिरकुलच्या हातात नाही, सागिनच्या हातात ठेवली.

"गाडी याला दे, तेमिरकुल. याला वास यायला लागलाय."

"आके, मी तुम्हाला काही म्हटलं का? एक शब्द तरी म्हटला का?"

"नाही म्हटलंस," आके म्हणाले. "तेच तर."

मग ते शहराकडे जाणाऱ्या छोट्या बसकडे चालू लागले. ड्रायव्हरने त्यांना ओळखलं असावं, कारण त्याने पुढची सीट रिकामी करायला लावली. आके मात्र मागे जाऊन बसले, सगळ्या प्रवाशांसारखे, गुडघ्यावर हात ठेवून.

*

पुढच्या खेपेला निघायच्या आधी सागिन शायिर आपांच्या दारात गेला. आपांनी कणकेचं गाठोडं आधीच बांधून ठेवलं होतं. "जेनालीने सांगितलं तू येशील म्हणून," त्या म्हणाल्या. "त्याच्या बोटांना फोड यायचे. तू सांडशीने उलट." बाकी काही विचारलं नाही. त्यांनी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

गुरुवारी टू-अशूच्या त्या वळणावर खूप वारा होता. दगड नीट लावले तरी स्टोव्ह दोनदा विझला. पहिली रोटी कच्ची राहिली. सागिनला कुराणाची पूर्ण ओळ येत नव्हती. येत होती तेवढी तो म्हणाला, आणि नाव घेतलं.

मेंढपाळ वर आला. ओमीन झालं. पिशवीत रोट्या घेताना त्याने इकडेतिकडे पाहिलं. "म्हातारा कुठंय?"

"घरी."

"आजारी?"

"नाही."

घोड्यावर चढता चढता मेंढपाळाची नजर रस्त्यावर घुमत उभ्या असलेल्या गाडीकडे गेली. "अरे, इंजिन तसंच चालू राहिलंय तुझं. डिझेल जळतंय सगळं."

सागिनने शेवटची रोटी तेलात सोडली आणि वाऱ्याकडे पाठ करून बसला, धूर वर जाईल असा.

"जळू दे," तो म्हणाला.